डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला घरी लॅटिन : आधार की जादाचं ओझं?

मुळाक्षर :
विषय असा. घर मराठी, माध्यम इंग्रजी, वय ११-१२, डिस्लेक्सियाचं (अक्षरं वाचताना-लिहिताना अडखळण्याचं) निदान झालेलं. अशा मुलाला घरच्या घरी लॅटिन शिकवावं का? माझं मत, शिकवावं. लॅटिन जसं लिहितात तसंच वाचतात. अभिजात (म्हणजे जुन्या रोमन काळचा) उच्चार धरला तर 'सी' म्हणजे कायम क आणि 'जी' म्हणजे कायम ग. शिवाय इंग्रजी स्पेलिंगमधली मुकी अक्षरं बोलकी होतात. 'साइन'मध्ये जी कशाला? मूळ शब्द 'सिग्नुम', म्हणून 'सिग्नल'मध्ये तो ऐकू येतो. 'मसल'मधला सी 'मस्क्युलर'मध्ये तोंड उघडतो. (मूळ 'मुस्कुलुस', म्हणजे पिटुकला उंदीर. आपला मूषक त्याच गोतावळ्यातला.)

शनिवारपेठी :
असहमत. जसं लिहिलं तसं वाचायचं हे अप्रूप लंडनच्या मुलाला. आपल्याकडे ते काम देवनागरी पहिलीपासून करते आहे. उलट या मुलाच्या डोक्यात 'सी'चे स आणि क हे दोन आवाज आधीच मारामारी करतायत, त्यात तुम्ही म्हणणार, 'आता फक्त क, पण इंग्रजीच्या तासाला पुन्हा दोन्ही'.

आणि मूल अडखळतं कुठे ते बघा. सेड, वॉज, फ्रेंड, नाइट, इनफ, थ्रू. हे सगळे जुन्या इंग्रजीतून आलेले शब्द, लॅटिनमधून नव्हेत. 'मस्क्युलर' कोण रोज वाचतंय? शब्दकुळंच हवी असतील तर पोर्ट, स्क्रिप्ट, स्पेक्ट, डिक्ट, रप्ट असे तीस धातू घ्या, आठवड्याला दोन. चार महिन्यांच्या आत संपतात. त्यासाठी विभक्ती कशाला?

मुळाक्षर :
सेड-वॉजचा मुद्दा मान्य, तिथे लॅटिन काही करत नाही. पण विभक्ती हीच मराठी मुलाची जमेची बाजू आहे. इंग्रज मुलाला 'शब्दाच्या शेपटावरून कर्म ओळखायचं' हे नव्याने शिकावं लागतं. आपलं मूल 'शेतकऱ्याला' म्हणतच मोठं झालंय, आणि क्रियापदही शेवटी. 'पुएल्ला आग्रिकोलाम विदेत' : मुलगी शेतकऱ्याला बघते. शब्दाला शब्द लागतो. शेवटचा म् म्हणजे 'ला'.

वाचनदोष_शिक्षिका :
इथे एक खड्डा आहे. शिकवणारे हमखास 'मुलगी गुलाब तोडते' अशी वाक्यं देतात. मराठीत निर्जीव कर्माला 'ला' लागत नाही, त्यामुळे मूल 'रोसाम'मधला ('रोसा' म्हणजे गुलाब) म् कुठे टांगायचा ते शोधत बसतं. वाक्यं सुरू केल्यावर पहिले दोन आठवडे कर्म सजीवच ठेवा.

आता मूळ प्रश्न. 'डिस्लेक्सिया आहे' एवढ्यावर हो-नाही ठरत नाही. तपासणीच्या अहवालात दोन गोष्टी शेजारी ठेवा : मराठीतून ऐकून समजणं आणि वाचन. ऐकणं वयाला साजेसं आणि वाचन मागे असेल, तर तोंडी लॅटिन झेपतं. ऐकूनच नीट समजत नसेल तर अडचण भाषेची आहे, नुसती अक्षरांची नाही. मग नवी भाषा नको, लॅटिनही नको आणि संस्कृतही नको.

शिकवायचंच ठरलं तर क्रम असा ठेवा. पहिले तीन आठवडे पाटी-वही बंद. फक्त आज्ञा, आणि अंग हलवून : सुर्गे (ऊठ), सेदे (बस), आम्बुला (चाल), वेनी (ये), दा (दे). रोज १५ मिनिटं, आठवड्याला चार-पाच शब्द, त्याहून जास्त नाहीत. चौथ्या आठवड्यात पुठ्ठ्याच्या पट्ट्या. 'पुएल्ल' एका पट्टीवर, शेपटं वेगळ्या रंगाच्या छोट्या तुकड्यांवर, आणि शेपटं दोनच : कर्त्याचं आणि कर्माचं. मूल हाताने तुकडा जोडतं, बोलतं, मग लिहितं. ते जमलं की पट्ट्यांचा क्रम उलटा करा, 'आग्रिकोलाम पुएल्ला विदेत', आणि विचारा, कोण बघतंय? उत्तर 'शेतकरी' आलं, तर मूल शेपूट वाचत नाहीये, जागा वाचतंय. तिसरं शेपूट तोवर काढू नका.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे 'आमो, आमास, आमात' (मी प्रेम करतो, तू करतोस, तो करतो) अशी रूपं ओळीने घोकून घेणं. पाठ खडाखड होतं, घरचे खूश. मग मधलंच 'आमातिस' विचारा. मूल ओठातल्या ओठात पहिल्यापासून सुरुवात करतं आणि पाचव्या पायरीवर पोचतं. ज्याला सुटं रूप चटकन आठवणंच जड जातं, त्याला आपण साखळी दिली. पत्ते पिसून सुटी रूपं विचारा.

गीर्वाण_सदाशिव :
एवढा खटाटोप करायचाच तर संस्कृत का नको? पुण्यात गल्लीला एक संस्कृतचा क्लास, लिपी ओळखीची. लॅटिन विचारायला नगर रस्त्यावरच्या 'ज्ञानदीप' या धर्मशिक्षण संस्थेत जाणार का, पाद्री होऊ घातलेल्यांच्या वर्गात? बरं, संस्कृत आणि लॅटिन एकाच उगमाच्या, हे विल्यम जोन्सने १७८६ मध्येच सांगितलं. सेप्तेम-सप्त, इग्निस-अग्नि, नोवुस-नव.

शनिवारपेठी :
गीर्वाणभाऊ, संस्कृतात एका नामाची ८ विभक्ती × ३ वचनं = २४ रूपं. लॅटिनची ६ × २ = १२. द्विवचन नाही, आणि संस्कृतसारखा पावलोपावली संधी नाही. 'तत्रापि' फोडून वाचणं ही या मुलाची नेमकी दुखरी नस. वर ऱ्हस्व-दीर्घ : मराठीच्या वहीत 'कवी', 'गुरू', संस्कृतच्या वहीत 'कविः', 'गुरुः'. एका वहीत बरोबर ते दुसरीत चूक. (मी लॅटिनच्या बाजूने बोलतोय असं कुणी समजू नये. मी दोन्हींच्या विरोधात आहे.)

गीर्वाण_सदाशिव :
द्विवचन वर्षभर बाजूला ठेवता येतं, संधी सोडवून छापलेली वाक्यं देता येतात. कवी-कविः ला मात्र उत्तर नाही, ते कबूल.

कोरी_वही :
लॅटिन शब्द मुलाच्या वहीत देवनागरीत लिहून दिले तर चालतील का? रोमन अक्षरांची भीती जाईल.

वाचनदोष_शिक्षिका :
नको. 'रोसा'चा शेवटचा स्वर कर्ता असताना ऱ्हस्व असतो आणि पंचमी-तृतीयेच्या अर्थी दीर्घ. ऱ्हस्व म्हणून 'रोस' लिहिलंत तर मराठी डोळा शेवटचा अ गिळतो आणि 'रोस्' वाचतो. रोमनच ठेवा, दीर्घ स्वरावर आडवी रेघ द्या, टंक मोठा, ओळींत दुप्पट अंतर. आणि 'रोसाए' हे एकच रूप षष्ठी एकवचन, चतुर्थी एकवचन आणि प्रथमा अनेकवचन असं तीन कामांना येतं. ही तिन्ही एका महिन्यात आणू नका. आधी अनेकवचन, कारण ते चित्रात दाखवता येतं.

शनिवारपेठी :
आणि हे सगळं इंग्रजी वाचनाच्या उपचारात्मक तासातली मिनिटं कापून होणार असेल तर?

वाचनदोष_शिक्षिका :
तर करू नये. त्या तासाला हात न लावता १५ मिनिटं निघत असतील तरच.