अनुभव धागा: बंद घर उघडताना (कोकणातली पावसानंतरची आवरासावर)

माजघर (धागा सुरू करताना):
गणपतीत घर उघडलं जातं, पण ती सफाई देवापुरती आणि पाहुण्यांपुरती असते. भाद्रपदात हवा इतकी ओली की पुसलेली फरशी तासभर वाळत नाही, धुतलेला पडदा तिसऱ्या दिवशी कुबट वास मारतो. खरी झाडलोट दसऱ्यानंतरच्या उन्हात होते. वाडवडिलांचं घर राहतं करायचं असलेल्यांसाठी, निवृत्तीनंतर गावी परतणाऱ्यांसाठी आणि नुसतं दिवाळीला जाणाऱ्यांसाठीही हा धागा. क्रम, प्रमाण, काय बिघडतं आणि का, एवढंच लिहा. आजीच्या आठवणींसाठी वेगळा धागा काढू.

खळ्यातला:
दार उघडण्याआधी घराला बाहेरून एक फेरी मारा. बघायचं काय? सरकलेली कौलं, जोत्यावर चढलेल्या वाळवीच्या मातीच्या नळ्या, वायरीवर टेकलेली फांदी, भिंतीला चिकटून साठलेला पाचोळा. आत गेल्यावर मेन स्विच बंदच ठेवा. पावसाळाभर बंद असलेल्या बोर्डात मुंग्या, पाली, कुंभारीण माशीची मातीची घरटी आणि ओल, सगळं असतं. बोर्ड इलेक्ट्रिशियनकडून उघडून सुकवून घ्या, मगच वीज सुरू करा. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर त्याचं टेस्ट बटण दाबा. खटकन पडला नाही तर तो बदलायचा. नसेल तर झाडू विकत घेण्याआधी तो बसवा.

मग दारं-खिडक्या सताड उघडा आणि पहिला दिवस नुसता वारा खेळू द्या. पयली खिडकी, मगे वाढवण (झाडू), असं आमच्याकडे म्हणतात ते बरोबर आहे. ओल्या धुळीला झाडू लावला की ती भिंतीला थापली जाते.

सफाई वरून खाली: माळा, वासे-रिपा, भिंती, कपाटं, शेवटी जमीन. बहुतेक लोक जमिनीपासून सुरू करतात, कारण ती डोळ्यांना खुपते. मग वाशांवरची जळमटं आणि उंदरांनी आणलेला कचरा त्याच पुसलेल्या जमिनीवर येतो.

रानवाट:
वरच्या प्रतिसादात एक भर. पाचोळा, रचलेले चिरे, जादा कौलांची चळत, लाकडांची मोळी यांत हात घालायचा नाही. फुरसं हा विषारी साप लहान असतो, मातीच्या रंगाचा असतो आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात भरपूर आहे. आधी लांब काठीने हलवा, गमबूट आणि जाड हातमोजे घाला, वस्तू आपल्या बाजूला न ओढता पलीकडे ढकला. मण्यार रात्री घरात येते, म्हणून पहिल्या रात्री जमिनीवर अंथरूण नको. साप चावला तर बांधणं, कापणं, चोखणं काही नाही. चावलेला भाग हलवायचा नाही आणि थेट प्रतिविष असलेलं रुग्णालय गाठायचं. जवळचं असं रुग्णालय कोणतं, हे साफसफाई काढण्याआधी विचारून ठेवा.

लाल विंचू चावल्यावर घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले तर घरी थांबू नका. प्राझोसिन या औषधाचा उपचार महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांमुळे रूढ झाला. तो वेळेत मिळण्यावर सगळं अवलंबून असतं.

उंदराच्या लेंड्या कोरड्या झाडू नयेत. आधी ब्लीचच्या पाण्याने भिजवा, दहा मिनिटं थांबा, मग कागदाने उचला. लेप्टोची (उंदराच्या मुतातून पसरणाऱ्या तापाची) भीती आपल्या पट्ट्यात खरी आहे. पायाला जखम असेल तर ओल्या पडवीत अनवाणी फिरू नका.

सागरगोटा:
बुरशीवर सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त चुकीचे उपाय इथेच होतात.

कोरड्या ब्रशने किंवा फडक्याने झटकू नका. बीजाणू खोलीभर उडतात आणि आठवड्याने दुसऱ्या भिंतीवर डाग दिसतात. एन-95 मास्क लावा, साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने टिपून घ्या आणि ते फडकं तिथेच पिशवीत टाका. टाइल, सिमेंट, काच यांवर नंतर ब्लीच: एक लिटर पाण्याला 60 मिली, दहा मिनिटं ठेवून धुवायचं. ब्लीचची बाटली गेल्या वर्षीची असेल तर ती वापरू नका, तिचा जोर गेलेला असतो. आणि हे मोठ्या अक्षरात वाचा: ब्लीच आणि संडासाचं ऍसिड एकत्र करायचं नाही. ब्लीच आणि व्हिनेगरही नाही. क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जीवघेणा ठरू शकतो.

लाकडावर ब्लीच निरुपयोगी. वरचा रंग उडतो, पाणी आत मुरतं, बुरशीची मुळं जिवंत राहतात. साबणाच्या पाण्याचं पिळलेलं फडकं, लगेच कोरडं फडकं आणि मग दोन दिवस पंखा. कपाट पुसून लगेच दार लावलं तर ती बुरशी तुम्हीच पेरली असं समजा.

कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. पश्चिमेची भिंत पावसाचा मारा खाते, तिला चिकटलेल्या प्लायवूडची पाठ हमखास काळी पडते. कापसाच्या गादीवर नुसते वरून डाग असतील तर दोन्ही बाजूंनी कडक उन्हं द्या. आतून वास येत असेल तर ती टाकून द्या; पिंजून घेतली तरी वास राहतो. पुस्तकं मात्र उन्हात नको, पानं वाकडी होतात. सावलीत पंख्याखाली उभी, पानं पंख्यासारखी उघडून ठेवा, आणि पूर्ण सुकल्यावरच अंगणात नेऊन मऊ ब्रशने झाडा.

समई:
सागरगोटा, लाकडाला स्पिरिट लावलं तर?

सागरगोटा:
साध्या लाकडाला चालेल. जुन्या खुर्च्या, झोपाळा, देव्हारा यांना फ्रेंच पॉलिश असतं, म्हणजे लाख. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, चिकट पांढरे चट्टे पडतात. आधी तळाशी कोपऱ्यात थेंब टाकून बघा.

जांभा:
भिंतींबद्दल. चिऱ्याची भिंत पाणी पिते आणि उन्हाळ्यात सोडते. तिला बाहेरून-आतून प्लास्टिक रंग मारला की पाणी आत अडकतं, पुढच्या पावसाळ्यात रंगाला फोड येतात आणि पापुद्रे सुटतात. रंगवाला म्हणेल प्रायमर कमी पडला. प्रायमरचा दोष नसतो.

भिंतीवर पांढरं मीठ फुललेलं असेल तर ते पाण्याने धुऊ नका. विरघळून परत भिंतीत जातं आणि सुकल्यावर पुन्हा फुटतं. कोरड्या ब्रशने झाडा, खाली कागद पसरून गोळा करा, बाहेर टाका. असं दोन-तीनदा करावं लागतं. न धुतलेली खाडीची किंवा किनाऱ्याची वाळू गिलाव्यात वापरलेली असेल तर मीठ येतच राहणार. तो गिलावा काढून टाकण्यावाचून उपाय नाही.

चुना लावायचा असेल तर चुनकळी (भाजलेल्या चुन्याचे खडे) आदल्या दिवशी भिजवा. किलोभर चुनकळीला चार-पाच लिटर पाणी. आधी पाणी, मग त्यात थोडी थोडी चुनकळी. उलटं केलं तर उसळून तोंडावर येतं. मिश्रण उकळतं, म्हणून पत्र्याचा डबा घ्या, प्लास्टिकची बादली वितळेल. डोळ्यांवर चष्मा हवाच. डोळ्यात उडालं तर पंधरा-वीस मिनिटं सतत पाण्याने धूत राहा आणि मग डॉक्टरकडे जा.

रात्रभर निवाल्यावर फडक्यातून गाळा आणि दुधाइतकं पातळ करा. भिंत ओली करून तीन पातळ हात द्या, प्रत्येक हात सुकल्यावर पुढचा. एकच जाड हात दिला तर वाळताना सुटतो आणि पाठीला पांढरं लागतं. काही जण चुन्यात मूठभर मीठ टाकतात. घाटावर ठीक असेल, आपल्याकडे नको. मीठ हवेतली ओल ओढतं, भिंत पावसाळाभर घामेजते.

चिऱ्याच्या पायऱ्यांवरचं शेवाळ काढायला तारेचा ब्रश वापरू नका. जांभ्याची वरची कडक साल निघाली की आतला मऊ भाग दरवर्षी झिजतो. ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून निवळू द्या, वरचं निवळ पाणी ओता, अर्ध्या तासाने हिराच्या खराट्याने घासा. ते पाणी सुपारी-केळीच्या आळ्यात जाता कामा नये.

वासा-रीप:
वाळवीची नळी मोडली म्हणजे वाळवी गेली असं नाही. दोन इंचांचा तुकडा मोडा, दोन-तीन दिवसांनी बघा. पुन्हा बांधली असेल तर ती चालू आहे. राणी जमिनीत असते, औषध जमिनीत जायला हवं. इमिडाक्लोप्रिड 30.5 टक्के असेल तर लिटर पाण्याला 2.1 मिली, जोत्याच्या कडेने भोकं पाडून. विहिरीजवळ हे काम स्वतः करू नका, माहीतगार माणूस बोलवा.

भुसा बघून कीड ओळखता येते. मैद्यासारखी बारीक पूड आणि टाचणीएवढी भोकं असतील तर लाकूड पोखरणारा किडा. खसखशीसारखे दाणे पडले असतील तर कोरड्या लाकडातली वाळवी. तिला जमिनीतल्या औषधाने काही होत नाही. वाशाला बोट जाईल एवढं गोल भोक असेल तर तो काळा भुंगा, त्याची फार चिंता नको.

काजूच्या टरफलाचं तेल वाशांना लावण्याची आपली पद्धत चांगली आहे, पण ते कातडीला लागलं की फोड येतात. लांब हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यात. ते सुकायला वेळ घेतं, डाग देतं. खुंट्या, दारं, कठडा अशा हात लागणाऱ्या लाकडाला अजिबात नको.

बिजागऱ्यांना खोबरेल घालणाऱ्यांनो, ते काही महिन्यांत चिकट होतं आणि धूळ धरतं. मशीनचं तेल घाला. समुद्राकडच्या खिडकीचे गज आधी गोड्या पाण्याने धुवा; क्षार राहिला तर रंगाखालून गंज फुटतो. सुकवा, पॉलिश पेपर, रेड ऑक्साईड, मग रंग.

समई:
देवघराची भांडी: कोकम किंवा चिंच भिजवून चोळा, पाच मिनिटांत डाग जातात. त्याहून जास्त वेळ आंबटात ठेवू नका, पितळ लालसर पडतं. धुऊन लगेच कोरड्या फडक्याने पुसा आणि दहा मिनिटं उन्हात ठेवा. नुसती निथळत ठेवली तर थेंबाथेंबाचे डाग उमटतात. कळईच्या भांड्यांना आतून राख किंवा काथ्या लावू नका, कळई खरवडते. तांब्याला हिरवं चढलेलं असेल तर ते पूर्ण निघेपर्यंत त्यात पाणीही भरू नका.

स्वयंपाकघरातल्या तेलकट जाळ्या गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्यात टाका, पण त्यात ॲल्युमिनियमचं काही नको, काळं पडतं.

शहाबादी आणि कडाप्पा हे चुनखडीचे दगड आहेत. ऍसिड टाकलं की जो फेस येतो तो मळाचा नाही, दगडाचा. मोझेकचंही तेच.

शेणसडा:
सारवायच्या जमिनीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. आधी उंदरांची बिळं आणि खड्डे मातीने बुजवून चोपून घ्या आणि ते पूर्ण सुकू द्या. शेण ताजं हवं. त्यात माती मिसळून, आंबोळीच्या पिठाइतकं सैल करून एका दिशेने हात फिरवत मागे मागे या. माती जास्त झाली तर भेगा पडतात, शेण जास्त झालं तर पापुद्रा सुटतो. काळा रंग यावा म्हणून जुन्या सेलमधली पूड घालतात, ती बंद करा. त्यात मँगनीज आणि झिंकचे क्षार असतात, आणि त्याच जमिनीवर मुलं रांगतात. लाकडी कोळशाची पूड चालते.

वाशिष्ठीकाठ:
चिपळूणला 22 जुलै 2021 च्या पुरानंतर जे करावं लागलं ते वेगळंच काम. पुराचं पाणी घरात आलेल्यांसाठी लिहितो.

सगळ्याचे फोटो आणि पंचनामा आधी, सफाई नंतर. गाळ ओला असतानाच फावड्याने काढा. सुकला की तो विटेसारखा होतो आणि फरशीला ओरखडे पडतात. भिंतीवर पाणी मारताना खालून वर मारू नका, वरून खाली मारा. बोर्ड पाण्याखाली गेला असेल तर तो सुकवून पुन्हा वापरण्याच्या नादी लागू नका. प्लायवूडचे थर सुटलेले असतील तर ते फर्निचर गेलं. सागवान आणि फणसाचं लाकूड सावलीत हळूहळू सुकवलं तर वाचतं, उन्हात टाकलं तर तडकतं. फ्रीज, मोटर, मिक्सर कारागिराने उघडल्याशिवाय चालू करून बघू नका.

विहीर: आधी पूर्ण उपसा, मग भरल्यावर ब्लीचिंग पावडर. व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले 785, म्हणजे लिटर (मापं मीटरमध्ये). साध्या वेळी हजार लिटरला 2.5 ग्रॅम. बादलीत कालवून निवळू द्यायचं, निवळ पाणी पोहऱ्यातून विहिरीत खोलवर सोडून ढवळायचं, किमान तासभर पाणी काढायचं नाही. पुरानंतर मात्र ग्रामपंचायत किंवा आरोग्य केंद्राकडून तपासून घ्या, कारण गढूळ पाणी क्लोरीन खाऊन टाकतं आणि ठरलेली मात्रा पुरत नाही.

माजघर:
छान चाललंय. सामान लावण्याबद्दल कोणी लिहील का? माळ्यावरून उतरवलेलं सगळं आता ओटीवर पसरलेलं असणार.

खुंटी-फडताळ:
तीन ढीग करा: याच घरात रोज लागणारं, वर्षातून एकदा लागणारं (गणपतीची मखर, होळीचं, पाहुण्यांची अंथरुणं) आणि द्यायचं. चौथा ‘बघू’ नावाचा ढीग केला की तो पुन्हा माळ्यावर जातो आणि उंदरांची सोय होते.

वर्षातून एकदा लागणारं पत्र्याच्या ट्रंकेत, ट्रंक विटांवर, भिंतीपासून लांब. पुठ्ठ्याचे खोके नकोत. ओल धरतात, आणि झुरळं व कसर त्यातच राहतात. कपडे आणि गोधड्या उन्हातून काढल्या काढल्या भरू नका, सावलीत गार होऊ द्या, नाहीतर आत वाफ धरते. डांबरगोळ्या फडक्यात बांधून ठेवा. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत कधीच नाही. काही बाळांना त्यामुळे रक्तातल्या पेशी फुटण्याचा त्रास होतो.

ओल शोषणाऱ्या डब्यांत कॅल्शियम क्लोराइड असतं. त्याचं पाणी होतं आणि ते पाणी सांडलं की लोखंड, चामडं, भरजरी साडी, सगळं खातं. डबा सरळ उभा, खालच्या फळीवर, आणि घर बंद करून जाताना तो आत ठेवायचाच नाही. बंद घरात सिलिका जेल बरं. रंग बदलला की भाजून पुन्हा वापरता येतं.

जुनी खरेदीखतं, वाटणीपत्रं लॅमिनेट करू नका. सपाट फोल्डर, घट्ट झाकणाचा डबा, जेलच्या दोन पुड्या. चालू सातबारा डिजिटल सहीचा ऑनलाइन मिळतो, त्याच्या अलीकडच्या प्रतींचा गठ्ठा जपण्याची गरज नाही.

परसू:
घर परत चार महिन्यांसाठी बंद करायचं असेल तर फ्रीजचं काय?

खळ्यातला:
बंद करा, बर्फ पूर्ण वितळू द्या, मागच्या ट्रेमधलं पाणी काढा, ते लोक विसरतातच. आतून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, रबराच्या घड्यांतून काडीला फडकं गुंडाळून फिरवा. प्लग काढा. दाराच्या फटीत दुमडलेला टॉवेल अडकवा म्हणजे दार मिटणार नाही. सिलिंडरचा रेग्युलेटरही काढून ठेवा, आणि परत आल्यावर नळीला साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघा. उंदीर ती कुरतडतात. नळीवर तारीख छापलेली असते, पाच वर्षं झाली असतील तर नवी घ्या.