'ग्रेट इंडियन किचन', 'मिसेस' आणि पुरुषद्वेषाचा आरोप

शेवटची_रांग :

'मिसेस' हा हिंदी सिनेमा ७ फेब्रुवारी २०२५ ला झी५ वर आला आणि पुरुष हक्कवाल्या संघटनांनी त्याच्यावर लगेच पुरुषद्वेषाचा शिक्का मारला. तो ज्यावरून घेतलाय त्या मल्याळम 'द ग्रेट इंडियन किचन'वरही (जिओ बेबी, २०२१) टीका झाली होती, पण तेव्हा निम्मा राग शबरीमलेच्या (केरळातलं देवस्थान, जिथे पाळीच्या वयातल्या बायकांना प्रवेशबंदी होती) संदर्भावर होता. "स्वयंपाकात कसला आलाय ताण" ही ओरड मी बाजूला ठेवतो, तिच्यात दम नाही. तरी सगळाच आरोप मोडीत काढावा असंही मला वाटत नाही, म्हणून हा धागा.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: नृत्य शिकलेली मुलगी लग्न होऊन सासरी येते. सासू मुलीच्या बाळंतपणासाठी जाते आणि रांधा, वाढा, उष्टी काढा एकटीच्या गळ्यात पडतं. सिंक गळतं, ते कोणी दुरुस्त करत नाही. नोकरीचं नाव काढलं की "नंतर बघू". शेवटी ती तुंबलेलं घाण पाणी बापलेकांच्या अंगावर फेकते आणि घर सोडते. (मी मूळ सिनेमाबद्दल बोलतोय. हिंदीवर नंतर येऊच.)

माझा आक्षेप कारागिरीचा आहे. बायकांना छटा आहेत: सासू सुनेला फोनवर गुपचूप सांगते की अर्ज भरून टाक, कामवाली उषा पाळीच्या दिवसांतही कुठं काही न सांगता कामं उरकते, आणि उलट टोकाला नवऱ्याची आत्या त्याच पाळीवरून सुनेला जमिनीवर झोपायला लावते. पुरुषांचं काय? नवरा, सासरा, आलेगेले नातलग, सगळे एकाच साच्यातले. ज्याला आतून काहीतरी टोचतंय असा एकही पुरुष त्या घरात नाही. ही निवड आपोआप होत नाही, दिग्दर्शक करतो.

काटेकोर :

द्वेष करायचा असता तर त्याने सासऱ्याच्या तोंडी शिव्या घातल्या असत्या, हातात पट्टा दिला असता. इथे सासरा आवाजसुद्धा चढवत नाही. भात चुलीवरचा बरा, चटणी दगडावर वाटलेली बरी, कपडे मशिनमध्ये विरतात. सगळं हसतमुखाने, 'मोले' (मुली) म्हणून. एकेक मागणी इतकी बारकी की नाही म्हणणारीच आगाऊ ठरावी.

हिंदीतल्या फुलक्याचंच गणित करा. लाटायला अर्धा मिनिट, तवा आणि आच मिळून एक-दीड मिनिट. दोन पुरुष, प्रत्येकी चार-पाच. हात चालता असेल तर एक तव्यावर असताना दुसरा लाटून होतो, तरी पंधरा मिनिटं ओट्यापाशी उभं राहणं आलंच, शिवाय दर फुलक्याला टेबलापर्यंत फेरी. फुलका डब्यात ठेवला की वाफेचं पाणी होऊन तो चिवट होतो, म्हणून "गरमच दे". म्हणजे ज्या घरात फुलका तव्यावरून थेट ताटात पडतो तिथे करणारी सगळ्यांबरोबर बसूच शकत नाही, तिच्याशी कोणी कितीही प्रेमाने बोललं तरी. ती बसते तेव्हा टेबलावर चघळून टाकलेल्या शेवग्याच्या शेंगांचा चोथा असतो. ही व्यवस्था चालायला खलनायक लागत नाही, आणि सिनेमाने तो आणलेलाही नाही.

तर्कट :

वा. म्हणजे न मारणारा, न पिणारा, शिवी न देणारा पुरुषही आरोपीच. निदान खलनायक असता तर बाकीच्यांना "मी तसा नाही" म्हणायची सोय राहिली असती. तुमच्या स्पष्टीकरणाने आरोप उलट पक्का झाला: हा सिनेमा वाईट पुरुषांबद्दल नाही, पुरुषांबद्दल आहे.

आणि घर कोणाच्या पगारावर चालतं? त्या पगारासाठी काय करावं लागतं, त्याला जेमतेम एखादं दृश्य.

पाटा_वरवंटा :

सासऱ्याची एक बाजू कोणी घेत नाही म्हणून मी घेते. चवीबद्दल तो बरोबर आहे! मिक्सरचं पातं खोबरं कापतं, वरवंटा ते चिरडतो. चिरडलं की खोबऱ्याचं तेल आणि दूध सुटतं, मिरची-आलं त्यात मुरतं आणि चटणी मिळून येते. मिक्सरमध्ये फिरायला जास्तीचं पाणी घालावं लागतं, जास्त फिरवलं तर भांडं तापतं, आणि मग चोथा एकीकडे, पाणी एकीकडे. चुलीवर वेळून केलेला भात आणि कुकरचा भात यातही फरक आहेच, पेज निघून गेली की शीत मोकळं राहतं.

पण मिक्सरला लागतात दोन मिनिटं आणि पाट्यावर एका नारळाच्या चटणीला वीस, वर पाटा धुवायचा ते वेगळं. चव त्याच्या जिभेची आणि वीस मिनिटं तिच्या खांद्याची. सासरा स्वतः एकदा वरवंट्याला बसला असता तर हा सिनेमा जागच्या जागी संपला असता, आणि त्याच्या चवीला कोणी नावं ठेवली नसती. यात पुरुषाबद्दल द्वेष कुठे आला मला कळत नाही. रसिकतेचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाडू नका एवढंच म्हणणं आहे.

तर्कट :

बिलाचंच बोलायचं तर सिंकचं बोलू. सगळा सिनेमा त्या गळतीवर टांगलाय. शिकलेली बाई आहे, हातात फोन आहे. प्लंबरला तिने का नाही बोलावलं? कारण बोलावला असता तर शेवटी फेकायला पाणी उरलं नसतं. पटकथेच्या सोयीसाठी बाईला असहाय करायचं आणि खापर नवऱ्यावर.

वॉशर :

सिंक गळण्याची ठिकाणं दोन-तीनच. जाळीखालच्या कपलिंगचं रबर कडक होऊन चिरतं, किंवा ट्रॅपचा (सिंकखालच्या वाकड्या पाइपचा) नट सैल होतो, किंवा वेस्ट पाइपला चीर जाते. ट्रॅप असेल तर खाली बादली ठेवून नट हाताने सोडवायचा, आतला गाळ काढायचा, वॉशर बदलायचा, परत आवळायचा. अर्ध्या तासाचं काम, बाई किंवा बुवा कोणीही करावं. कपलिंग मात्र सिलिकॉन लावून बसवलं तर ते वाळेपर्यंत, म्हणजे निदान रात्रभर, सिंक वापरता येत नाही. मग त्या रात्रीची भांडी कुठे घासायची हा प्रश्न पुन्हा तिच्याच वाटणीला.

तेव्हा "तिने का नाही केलं" याचं उत्तर: करता आलं असतं. पण त्या घराच्या वाटणीत बाहेरची कामं पुरुषाची, आतली बाईची. ही वाटणी तिने नाही ठरवली. सिंक हे त्याच्या वाट्याचं काम होतं, ती पुन्हापुन्हा आठवण करते, तो पुन्हापुन्हा विसरतो. तिचं एक जेवण चुकलं असतं तर? पटकथेत सोय आहे हे मान्य, पण ती सोय त्या घराच्या नियमातूनच आलीये.

आकडेमोड :

पुरुषांबद्दलचा सिनेमा आहे की वाईट पुरुषांबद्दलचा, याला आकडे बरे. केंद्राच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरच्यांसाठीच्या बिनपगारी घरकामात बायकांची रोजची सरासरी २९९ मिनिटं, पुरुषांची ९७. हा आकडा बहुतेकदा अर्धवट उद्धृत होतो. ती सरासरी फक्त त्या दिवशी घरकाम केलेल्यांची आहे. बायकांत असं काम केलेल्या ८१.२ टक्के, पुरुषांत २६.१. सगळ्या लोकसंख्येवर पसरवलं तर बायका साधारण २४३ मिनिटं, पुरुष साधारण २५. जवळपास दहापट. सिनेमाने फुगवून सांगितलं म्हणणाऱ्यांनी हा भागाकार स्वतः करून बघावा.

तर्कट :

आकडे आम्हालाही येतात. एनसीआरबी (केंद्राचा गुन्हे नोंद विभाग) २०२२: एकूण आत्महत्या १,७०,९२४, त्यात पुरुष १,२२,७२४. त्यांच्यावर कोणी सिनेमा काढला?

आकडेमोड :

काढावा, मी पहिल्या दिवशी बघेन. पण त्याच अहवालात बायकांच्या ४८,१७२ आत्महत्यांपैकी २५,३०९ गृहिणी आहेत, निम्म्याहून अधिक. शिवाय पुरुषांच्या आत्महत्यांवर सिनेमा नाही म्हणून स्वयंपाकघरावरचा सिनेमा पुरुषद्वेष्टा, ही उडी मला झेपत नाही.

संकलन_कक्ष :

मूळ आक्षेपाकडे येऊ, तो जास्त दमदार आहे: पुरुषांना आतलं जग नाही. मला वाटतं हा दृष्टिकोनाच्या शिस्तीचा भाग आहे. कॅमेरा तिच्याबरोबर राहतो. तिला जे दिसत नाही ते आपल्याला दिसत नाही. पार्श्वसंगीत जवळजवळ नाही, म्हणून चिरणं, फोडणी, घासणी, झाडू हाच ध्वनिपट. २०२० च्या केरळ राज्य पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि पटकथेबरोबर ध्वनीचाही पुरस्कार मिळाला तो उगाच नाही. संकलनाची युक्ती साधी आहे. सुरुवातीला स्वयंपाकाचे तुकडे चवीने दाखवतात, तोंडाला पाणी सुटतं. मग तेच तुकडे परत, परत, थोडे आखूड करत, आणि मध्ये ओला कचरा, खरकटं, सिंकखालची बादली. पदार्थ तेच असतात, पण तासाभराने ते बघवत नाहीत. शंभर मिनिटांच्या सिनेमात नवऱ्याच्या मनात शिरायला दहा मिनिटं दिली असती तर हा दाब फुटला असता.

नवऱ्याला नाव नाही हाही त्याच शिस्तीचा भाग. पण नाव तिलाही नाही. द्वेषापोटी नाव काढलं असतं तर फक्त त्याचं काढलं असतं.

शेवटची_रांग :

शिस्त असती तर मी मान्य केलं असतं. पण ती पाळलीये कुठे? नवरा शाळेत समाजशास्त्र शिकवतो आणि वर्गात कुटुंबसंस्थेवर बोलतो, ते दृश्य आठवा. ती तिथे नाही. तिला ते दिसत नाही, फक्त आपल्याला दिसतं. शेवटी त्याच्या दुसऱ्या बायकोचं दृश्य, तिथेही ती नाही. म्हणजे तिची नजर सोडायची दिग्दर्शकाला मुभा आहे, आणि तो ती वापरतो ती नवऱ्याला आणखी एक टोला मारायला. घराबाहेर पडलेला कॅमेरा त्याच्या एखाद्या अवघडलेल्या क्षणापाशी थांबू शकला असता. हिला मी द्वेष म्हणणार नाही, पण पक्षपात नक्की म्हणेन, आणि सिनेमागृहात या दोन्हींचा परिणाम फारसा वेगळा होत नाही.

संकलन_कक्ष :

वर्गाचा मुद्दा बिनतोड आहे, तो टोलाच आहे आणि जरा ढोबळ आहे. पण अवघडलेला क्षण नाही असं कसं म्हणता? हॉटेलात ती सहज म्हणते, इथे बरा उष्टं बाजूला काढून ठेवतोस. त्याचा चेहरा बघा. घरी येऊन तो माफी मागायला लावतो, पण आधी तो दुखावलाय, खरोखर दुखावलाय. आणि रस्त्यात तो पडतो, ती उचलायला धावते, तर तो तिला झटकतो कारण त्याचं शबरीमलेचं व्रत सुरू आहे आणि तिची पाळी आहे. तिथे नवरा झालेल्या सुराज वेंजारमूडने माणूस घाबरलेला दाखवलाय, दुष्ट नाही. तो स्वतःच्या रिवाजाला भिऊन आहे. आतलं जग आहे, फक्त त्याची सहानुभूतीत रवानगी केलेली नाही.

जुन्या_वळणाची :

बायकांनाही सोडलेलं नाही हे कोणी म्हटलंच नाही अजून. आत्या आहे, आणि फोनवर जुळवून घे म्हणणारी तिची स्वतःची आई आहे. ती माहेरी परतते तेव्हा धाकटा भाऊ बाहेरून येऊन पाणी मागतो, आई बहिणीला उठवायला लागते, आणि ही ओरडते की त्याचं तो घेईल. सगळ्या सिनेमात तिचा खरा आवाज तिथे चढतो, नवऱ्यासमोर नाही. पुरुष म्हणजे जन्मजात असाच, असं दिग्दर्शकाला म्हणायचं असतं तर भावावर ओरडून काय उपयोग होता? तो अजून सुधारू शकतो म्हणून ओरडते ना.

तर्कट :

हा मुद्दा चांगला आहे. बाकी काहीही पटलेलं नाही.

काटेकोर :

हिंदीवर कोणीतरी बोला. दिग्दर्शक आरती कडवने नवऱ्याला स्त्रीरोगतज्ज्ञ केलाय. मूळ सिनेमातला शिक्षक पुरेसा होता. बायकांच्या शरीराचा डॉक्टर आणि घरच्या बाईचं शरीर कळत नाही, हे विडंबन इतकं ठळक आहे की शेवटच्या रांगेतूनही दिसावं (धागाकर्त्याने हलके घ्यावे). शबरीमला काढून टाकल्यावर पाळीच्या विटाळामागची धार्मिक धास्ती गेली आणि उरला तो नुसता नवऱ्याचा स्वभाव. मूळ सिनेमात बायकांना शबरीमलेत प्रवेश देणारा २८ सप्टेंबर २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाठीशी आहे, ती त्यावरून फेसबुकवर एक व्हिडिओ टाकते आणि सगळं गाव दारात येतं. तिथे नवऱ्यावरही दाब आहे, तोही कोणाला तरी उत्तर देतोय. हिंदीत तो दाब पातळ झाला. पुरुषद्वेषाचा आरोप मूळ सिनेमापेक्षा 'मिसेस'ला जास्त चिकटतो तो यामुळे.

शेवटची_रांग :

हे शंभर टक्के. हिंदीतल्या बायकोचं, सान्या मल्होत्राचं, काम उत्तम आहे आणि शिकंजीचा (लिंबूसरबताचा) प्रसंगही चांगला रचलाय, पण माणसामागची संस्था काढून घेतली की माणूसच संस्था वाटायला लागतो. दुसऱ्या लग्नाच्या दृश्याबद्दल मात्र माझं मत कायम आहे. त्याची गरज नव्हती.

पाटा_वरवंटा :

गरज होती. ते नसतं तर प्रेक्षक घरी जाताना म्हणाले असते, पाणी अंगावर पडल्यावर सुधारला असेल बिचारा. किंवा, हिचंच जमत नव्हतं, दुसरी असती तर निभावलं असतं. आता दुसरी आलीये आणि त्याचा कप तीच विसळतेय.