पुण्याचा संघ गेला, त्यात प्रेक्षकांचा काय दोष?

बालेवाडी_पूर्व
काल एका गटात वाचलं, "पुणेकरांना फुटबॉल पचलाच नाही, म्हणून २०१९ला संघ हैदराबादला गेला." डोकं फिरलं. एफसी पुणे सिटी पाच मोसम खेळला. ७ मार्च २०१८ला उपांत्य फेरीत बंगळुरूला बालेवाडीत शून्यावर रोखलं, तेव्हा मी तिथे होतो; दोन दिवस घसा बसलेला. परतीच्या सामन्यात त्यांच्या छेत्रीने तीन गोल मारले, १-३ने हरलो. पुढच्या वर्षी मालक पैशांच्या अडचणीत आले आणि संघ गेला. आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, जागा शहराची नसते, मालकाची असते. तेव्हा खालच्या लीगमधून वर चढून येता येत नव्हतं, त्यामुळे कुणी सोडली की दुसरा घ्यायचा आणि आपल्या गावी न्यायचा. प्रशिक्षक फिल ब्राउन, खेळाडू मार्सेलिन्हो, निखिल पुजारी सगळे हैदराबादला गेले. त्याच ऑगस्टमध्ये दिल्ली डायनामोज भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला. दिल्लीकरांनाही पचला नाही का?

हिशेबी_मामा
पचला नाही हेच खरं. आमच्या ऑफिसात फुकट पास टेबलावर पडून असायचे, कुणी हात लावत नव्हतं. मी दहा-बारा सामने पाहिले, मुंबईविरुद्धचा सोडला तर शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवून बसायचो. मालकाने तोटा किती वर्षं सोसायचा? भुवनेश्वरला सरकार खेळाच्या पाठीशी उभं होतं. आपल्याकडे कोण होतं?

कर्वेनगरची_आई
खुर्च्या रिकाम्या का होत्या, ते विचारा ना! मुलगा नऊ वर्षांचा होता, त्याच्या हट्टापायी गेले. सामना सुटला तेव्हा दहा वाजत आलेले. हायवेच्या कडेला चाळीस मिनिटं उभी होते. बस नाही, रिक्षावाले थांबायचे, कर्वेनगर म्हटलं की निघून जायचे. पोरगं नारंगी जर्सीत माझ्या खांद्यावर झोपलं. त्याला पुन्हा नेण्याची हिंमत झाली नाही.

चिंचवडकर_९
आम्हाला बालेवाडी जवळच आहे. पेठेतल्यांना नदी ओलांडली की परगाव वाटतं, त्याला काय करणार? दुचाकी काढायची.

कर्वेनगरची_आई
रात्री दहाला, ट्रकच्या मधून, झोपेला आलेलं मूल मागे बसवून? आणि मी पेठेत राहत नाही, नाव नीट वाचा.

चिंचवडकर_९
गहुंजे त्याहून लांब आहे. तिथे आयपीएलला गर्दी कशी होते मग?

डावा_बॅक
वर्षातून चार-सहा रात्री माणूस कसंही करून जातो. फुटबॉलला दर दुसऱ्या आठवड्याला जायचं असतं, तेही कामाच्या दिवशी. आणि खेळ कळत नाही असं तर कुणी म्हणूच नका! पुणे एफसी हा आपला जुना क्लब २०१२-१३ला आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये, दुसरा आला होता. तोही बंद पडला, त्याबद्दल कुणी धागा काढला नाही.

चिंचवडकर_९
ठीक आहे, लहान मुलाबरोबर अवघड आहे, मानतो. मोठ्यांना मात्र निमित्त हवं असतं.

मडगावकर
तुम्ही बसवरून भांडा. आमच्या गोव्यातले जुने क्लब धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग तिघेही २०१६ला आय-लीगमधून बाहेर पडले. आयएसएलच्या फ्रँचायझींसाठी जुन्या क्लबांना खाली ढकलायचं ठरलं होतं, ते सहन झालं नाही. तुमचा एक गेला तर एवढा आक्रोश, आमची पिढ्यांची नावं गेली! आणि २० मार्च २०२२ला हैदराबादने आयएसएल जिंकली ती आमच्या मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर, केरळला पेनल्टीवर हरवून. निखिल पुजारी त्या संघात होता. त्या रात्री मला पुण्याची आठवण झाली होती, खोटं कशाला बोलू.

फ्रीमाँटहून
इथे कॅलिफोर्नियात शेजारच्या ऑकलंडने पाच वर्षांत तीन संघ घालवले. बास्केटबॉलचा वॉरियर्स २०१९ला सॅन फ्रान्सिस्कोत, अमेरिकन फुटबॉलचा रेडर्स २०२०ला लास वेगासला, बेसबॉलचा ए'ज २०२४नंतर सॅक्रामेंटोला, पुढे वेगासला जायला. वेगासच्या स्टेडियमसाठी नेवाडाने हॉटेलच्या खोल्यांवर कर लावून रेडर्सना ७५ कोटी डॉलर दिले. ए'जच्या शेवटच्या सामन्याला ४६,८८९ माणसं होती. मीही होतो. शेजारचे आजोबा पूर्ण वेळ टोपी हातात धरून बसले होते.

हिशेबी_मामा
शेवटच्या दिवशी सगळेच येतात. आधीची वर्षं बोला.

फ्रीमाँटहून
आधीची वर्षं मालक चांगले खेळाडू विकत होता. कुणासाठी यायचं लोकांनी?

बालेवाडी_पूर्व
मामा, हैदराबादचं बघा. करंडक जिंकला, तरी २०२५ला तोच संघ नव्या मालकाने दिल्लीला नेला. आता नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली. ज्या दिल्लीतून २०१९ला एक संघ उचलला, तिथेच!

हिशेबी_मामा
बरं, एवढं मान्य. जिंकूनही टिकत नसेल तर एकट्या प्रेक्षकांना बोल लावता येत नाही. पण लंडनच्या विम्बल्डनचा फुटबॉल संघ मिल्टन कीन्स या दुसऱ्या गावाला नेणार म्हटल्यावर तिथल्या लोकांनी २००२ला स्वतःचा क्लब काढला, पार खालच्या पातळीवरून वर आणला आणि २०२०ला आपल्या जुन्या भागात, प्लाउ लेनला परतले. आपण काय केलं? हॅशटॅग.

बालेवाडी_पूर्व
काही केलं नाही. हे लागलं, कारण खरं आहे.

कर्वेनगरची_आई
मैदान कुठे घेणार ते आधी सांगा. बस जाते अशा ठिकाणी असेल तर वर्गणी देते.