एमएस्सी गणित झालं, आता जीवशास्त्राकडे वळता येईल?

कळव्याची पोर: बायो दहावीनंतर सोडलेलं, पण साथीच्या रोगांचं मॉडेलिंग करायचंय. आई म्हणते, ठाण्यात क्लास काढ. कार्यशाळा कुठे असतात?

जुना खोडरबर: बंगळुरूच्या आयसीटीएस या सैद्धांतिक विज्ञान केंद्राच्या संकेतस्थळावर नजर ठेव. अर्ज वेळेत कर, मी एकदा एका रात्रीने हुकलो. चेन्नईच्या आयएमएससी या गणितीय विज्ञान संस्थेत संगणकीय जीवशास्त्रात पीएचडीही होते. आणि साथींच्या गणितावरचा कर्मॅक-मॅकेंड्रिक या दोघांचा १९२७ चा पेपर वाच. त्यातला आलेख आपल्या मुंबईच्या १९०५-०६ च्या प्लेगचा आहे!

खारघरवाली: कॅन्सर संशोधनाचं अ‍ॅक्ट्रेक इथेच आहे, तेही बघ. पण नुसतं गणित पुरत नाही गं, आर किंवा पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शीक. मी औषधचाचण्यांची सांख्यिकी करते. मुलाखतीत प्रमेय कुणी विचारलं नाही.

कळव्याची पोर: आईला प्लेगचं सांगितलं. म्हणाली, आधी जेव.