दिवाळीला घराबाहेर आणि झाडांवर रंगीत लाइटिंग, कुठे कुठला रंग?

जांभादगड: नमस्कार मंडळी, रत्नागिरीकडे आमचं गावचं घर आहे, जांभ्याच्या भिंती, वर कौलं, पुढे अंगण नि तुळशीवृंदावन, कडेला एक मोठा आंबा आणि थोडे माड. यंदा सगळे दिवाळीला तिथेच जमणार आणि वसुबारसेपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत लाइटिंग ठेवायचं ठरलंय. भाऊ म्हणतो रिमोटवाले आरजीबी (लाल, हिरवा, निळा मिसळून हवा तो रंग देणारे) फोकस घेऊ, आईला मात्र ते रंग बदलणारे अजिबात नकोत, लग्नाच्या हॉलसारखं दिसतं म्हणते. मला रंग हवेत पण घर घरासारखं दिसलं पाहिजे. आणि पावसाचा भरवसा नसतो तेव्हा वायरिंगचं काय करू तेही सांगा.

परसदार: मी तुमच्या आईच्या बाजूने. आरजीबी घ्या हवे तर, पण एक रंग लावून तो तसाच राहू द्या, सारखा बदलला की नजर कशावरच ठरत नाही. रंग निवडताना प्रकाश कशावर पडणारे ते आधी बघायचं. जांभा तांबूस, त्यावर निळा मारलात तर भिंत काळपट मळकट दिसणार कारण तो दगड निळा प्रकाश फारसा परतवतच नाही. तिथे अंबर म्हणजे नारिंगीकडे झुकणारा पिवळा, किंवा पिवळसरच लावा आणि फोकस समोरून नको, भिंतीपासून वीतभर अंतरावर जमिनीलगत ठेवून खालून वर सोडा, म्हणजे दगडाचं भोक न् भोक सावलीसकट उठून दिसतं. आंब्याला लाल नको, हिरवी पानं लाल उजेडात काळी पडतात. हिरव्याने पानं भडक होतात पण खोटी वाटतात, मला तरी ३००० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या छटेचं माप) साधा वॉर्म व्हाइट, म्हणजे पिवळसर पांढराच आवडतो. रंगाची हौस माडांवर भागवा, खोड करडं असतं त्यामुळे निळा, जांभळा काहीही छान बसतो.

फ्यूजवायर: रंगांचं परसदार यांनी सांगितलंच आहे, मी वायरिंगचं सांगतो. उघड्यावरचे फोकस आयपी ६५ चेच घ्या (आयपी म्हणजे धूळ-पाणी किती अडवतं त्याचा आकडा), आयपी ४४ च्या माळा पडवीत छपराखाली चालतात. अडॅप्टर घरात कोरड्या जागी ठेवा आणि बाहेर फक्त १२ किंवा २४ व्होल्टची वायर न्या. २३० व्होल्टचे फोकस असतील तर ती लाइन ३० मिलीअँपच्या आरसीसीबीवरच हवी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच), अर्थिंग तपासून घ्या, जुन्या घरात बऱ्याचदा नावालाच असतं. जॉइंट जमिनीवर पडलेला नको, नुसती टेप गुंडाळून तर नकोच, वॉटरप्रूफ कनेक्टर किंवा बंद बॉक्स वापरा. पागोळीला एलईडीची स्ट्रिप (पट्टी) लावणार असाल तर १२ व्होल्टची पाच मीटरच्या पुढे सलग जोडू नका, टोकाला व्होल्टेज पडतं आणि आरजीबीचा पांढरा तिकडे लालसर दिसायला लागतो, दोन्हीकडून सप्लाय द्या नाहीतर २४ ची घ्या. आणि झाडाला खिळे ठोकू नका हो, सुतळीने सैल बांधा.

रानवाट: एक विनंती, रात्री दहाला बंद होईल असा टायमर लावा. निळ्या नि पांढऱ्याशुभ्र दिव्यावर किडे, पाखरं जास्त येतात, पिवळ्या-अंबरवर बरीच कमी, म्हणजे माडांवरचा निळा थोडाच ठेवा. आणि त्रिपुरी झाली की काढा, कायमचे ठेवू नका. मे-जूनमध्ये काजवे उजेडानेच जोडीदार शोधतात, बागेत रोज फोकस असेल तर त्यांना एकमेकांचे इशारे दिसतच नाहीत.

जांभादगड: खूप आभार सगळ्यांचे, अंबर ठरला, भाऊपण तयार झाला. वृंदावनावर काय लावू? आणि कंदील लाल कागदाचा आहे, त्यात कुठला बल्ब?

परसदार: वृंदावनावर काहीच लावू नका, आजूबाजूचा फोकसही तिकडे वळू देऊ नका, पणतीचा उजेड इतका मंद नि तांबूस असतो की साध्या वॉर्म व्हाइटपुढेही तो दिसेनासा होतो. कंदिलात वॉर्म बल्बच घ्या, कूल व्हाइटने लाल कागद फिका गुलाबी दिसतो. तीन वॅटचा पुरे, आणि होल्डरवर वरून पाणी येणार नाही एवढं बघा.