वंशभेदावरच्या कविता म्हणजे नुसत्या घोषणा?

खाडीकाठ: काल इथे एकाने लिहिलं, "अमेरिकेतल्या काळ्या कवींचं वंशभेदावरचं लिखाण म्हणजे घोषणाबाजी." वाचून राहवलं नाही. क्लॉड मॅकेची 'इफ वी मस्ट डाय' १९१९ची. त्या उन्हाळ्यात अमेरिकेत शहरोशहरी काळ्या लोकांवर हल्ले झाले, त्यातून आलेली. चौदा ओळींचं रेखीव सुनीत, आणि त्यात काळा-गोरा हे शब्दसुद्धा नाहीत! काउंटी कलनच्या 'इन्सिडेंट'मध्ये आठ वर्षांच्या पोराला बाल्टिमोरमध्ये एक गोरा पोरगा शिवी घालतो. पोर मेपासून डिसेंबरपर्यंत तिथे राहतं, पण आठवतं तेवढंच. बारा ओळी. घोषणा दाखवा यात.

सड्यावरचा: ते मीच लिहिलं होतं. सोयीच्या दोन कविता काढल्यात. लँग्स्टन ह्यूजची 'आय, टू' घ्या. पाहुणे आले की याला स्वयंपाकघरात जेवायला धाडतात, आणि हा म्हणतो उद्या टेबलाशीच बसेन. भाषणच ते. त्यापेक्षा आपले मालगुंडचे केशवसुत बघा, 'अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न'. सावलीवरून हटकलेलं पोर आईला विचारतं. किती संयत!

बंदरवाडी: केशवसुत मोठेच. पण त्यांना कुणी सावलीवरून हटकलं नव्हतं. ज्याला वेगळं जेवायला बसवलं त्यानेही संयतच बोलायचं का? माझ्या आजोबांना गावच्या लग्नात पंगत उठल्यावर गोठ्याशेजारी वाढायचे. मला 'आय, टू' कुणी समजावून सांगावी लागली नाही. आणि जुनं कशाला, शिमग्याला पालखी घरोघर फिरते, ती आमच्या वाडीच्या तोंडाशी येऊन अजून वळते.

सड्यावरचा: पालखीचे मान ठरलेले असतात, त्यात जात आणू नका. तुम्ही बौद्ध झालात ना, मग पालखी हवी कशाला?

बंदरवाडी: पालखी नकोच आहे हो! ती वळते तेव्हा वाडीतली पोरं "का?" विचारतात, त्याचं उत्तर द्या. ठरलेले मान म्हणे. कुणी ठरवले, आणि तेव्हा आमचं कोण बसलं होतं तिथे? चवदार तळ्याचं पाणीही असंच ठरलेलं होतं, १९२७ साली महाडला जाऊन ते मोडावं लागलं.

माडाखाली: आमच्या गावात पालखी सगळ्या वाड्यांत जाते. सगळं कोकण एका मापाने मोजू नका.

बंदरवाडी: जात असेल तर आनंद आहे. आमच्याकडे या शिमग्याला, उभे राहा आमच्या तोंडाशी.

खाडीकाठ: सड्यावरचे, आईला प्रश्न विचारणारं पोर चालतं. तेच मोठं होऊन टेबलाशी बसतो म्हणालं की भाषण?

सड्यावरचा: मॅकेचं सुनीत काल रात्री वाचलं. ती कविता आहे, मान्य. ह्यूजबद्दल माझं मत तेच. पालखीवर मी इथे बोलणार नाही.

बंदरवाडी: मग गावच्या बैठकीत बोला. तिथे तुमचं ऐकतात.