आईच्या गाठीचा नमुना संशोधनाला गेला, तर आम्हा मुलींना विचारायला नको का?

सांजवारा
आईच्या स्तनातली गाठ काढायची होती. आदल्या संध्याकाळी सह्यांसाठी कागदांचा गठ्ठा आला. भूल, रक्त चढवणं, सगळं त्यातच. शेवटी बारीक अक्षरांत एक ओळ होती: तपासणीनंतर उरलेला नमुना आणि रक्त संशोधनासाठी वापरायला हरकत नाही. आई म्हणाली, "कुणाच्या तरी कामी येईल," आणि सही करून मोकळी झाली. तिच्या या मोठेपणाचा मला अभिमानच आहे. पण कसलं संशोधन, कोण करणार, डीएनए वाचणार का, याचा कुठेच उल्लेख नव्हता. आईच्या डीएनएतला अर्धा वारसा माझ्याकडे आलाय, धाकट्या बहिणीकडेही. उद्या बीआरसीए जनुकात, म्हणजे ज्यातल्या दोषाने स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो त्यात, दोष सापडला तर आम्हाला कोण कळवणार? आणि आमच्याआधी तो दुसऱ्या कुणाला कळला तर?

मायक्रोटोम
मी पॅथॉलॉजीत तंत्रज्ञ आहे. नमुना आधी फॉर्मलिनमध्ये राहतो, मग पॅराफिन मेणाच्या ठोकळ्यात बसवतात. त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काचपट्टीवर घेऊन निदान होतं. नंतरही ठोकळा फेकत नाहीत. आजार उलटला तर तो आईलाच लागतो. फॉर्मलिनमुळे डीएनएचे तुकडे पडतात, तरी वर्षांनंतरही तो वाचता येतो.

संशोधकाकडे नमुना सहसा नावाने नाही, क्रमांकाने जातो. नाव आणि क्रमांक जुळवणारी यादी कुणाच्या ताब्यात असते, हे जरूर विचारा. ती नष्ट केली तर ओळख झाकली जाते, पण मग दोष सापडला तरी तुम्हाला कळवता येत नाही. दोन्ही एकदम मिळत नाही.

आणखी एक. गाठीत दिसलेला प्रत्येक बदल वारशाचा नसतो. बरेचसे त्या गाठीतच घडलेले असतात, म्हणून रक्ताशी ताडून बघावं लागतं. बीआरसीएसाठी संशोधनाची वाट बघू नका, डॉक्टरांकडे जनुकीय समुपदेशनाबद्दल आजच विचारा.

जुनीपानं
एका ओळीच्या संमतीने काय होतं ते हवासुपाईंना विचारा. अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यन या दरीतली ही छोटी जमात. मधुमेहाने माणसं खंगत होती, म्हणून १९९० पासून त्यांनी ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांना रक्त दिलं. कागदावर मात्र वर्तणुकीचे आणि वैद्यकीय विकार असं ढोबळ लिहिलं होतं. त्याच रक्तावर पुढे स्किझोफ्रेनिया, आप्तविवाह आणि पूर्वजांच्या स्थलांतरावर काम झालं. आपला उगम त्या दरीतलाच अशी त्यांची श्रद्धा, आणि त्यांचंच रक्त त्यांच्याविरुद्ध साक्षीला उभं केलं. २०१० मध्ये तडजोड झाली, ७ लाख डॉलर आणि उरलेलं रक्त परत मिळालं. दिलं होतं त्यांनी मनापासून. फसवणूक झाल्याची भावना त्यामुळेच इतकी खोल गेली.

लंबक
वरचं सगळं मान्य, पण नातेवाइकांची सही मागू नका. ज्या बीआरसीएची तुम्हाला धास्ती आहे, त्यातल्या बीआरसीए-१चा १७व्या गुणसूत्रावरचा ठावठिकाणा जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये लावला, तो २३ कुटुंबांमुळे. प्रत्येक मावशी-आत्याचा होकार लागला असता तर ते काम अडलंच असतं. आईचं शरीर, आईचा निर्णय. मात्र सांगण्याची जबाबदारी संशोधकांचीच. अमेरिकेतल्या कर्करोगाच्या रुग्ण हेन्रिएटा लॅक्स यांच्या पेशी १९५१ मध्ये त्यांना न विचारता घेतल्या, आणि २०१३ मध्ये त्यांचा जनुकक्रम घरच्यांना न विचारता प्रसिद्ध झाला. त्यानंतर कुठे ठरलं की तो अर्ज करणाऱ्यालाच मिळेल, आणि अर्ज तपासणाऱ्या समितीत त्यांच्या घरचे दोघं असतील. नकाराचा हक्क नव्हे, पण शब्दाला मान आहे. मला ही वाट पटते.

सांजवारा
मायक्रोटोमताई, आभार. आईशी बोलले. संमती मागे घ्यायची नाही यावर ती ठाम आहे, आणि मलाही आता तसंच वाटतं. यादी कुणाकडे आहे, नमुना बाहेरच्या कंपनीला जाईल का, आणि वारशाचा दोष सापडला तर कळवाल का, हे तिच्या सहीने लेखी विचारतोय.

अडलंय ते घरातच. मला कळायला हवंय. बहीण म्हणते, "मला यातलं काही सांगू नकोस." मला उत्तर मिळालं तर माझ्या चेहऱ्यावरूनच तिला कळेल. असा पेच कुणी निभावलाय का?